डब्यातला हिरवा रंग

चांदपाशा फोटोवाल्याला जगातलं पुष्कळ काही सहन व्हायचं. भर दुपारी लाईट गेली तरी तो शांत असायचा, उन्हाळ्यात लातूरच्या नळाला पंधरा दिवस पाणी आलं नाही तरी कुरकुरायचा नाही. पण समोरच्या धम्मदीपनं केलेला फोटो कुणी मोबाईलवर दाखवला, की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. खरोखर दुखायचं. बायको अमीरबी मुकाट्यानं ओवा-मीठ त्याच्या हातावर ठेवायची आणि विचारायची, "कायकू जलते जी?" तो ओवा चावायचा आणि दुपारची वांगी बाधली म्हणून सांगायचा.

माणूस वाईट नव्हता. मत्सरी होता, आणि मत्सर लपवायची कला त्याला कधी साधली नाही. दुसऱ्यांचे चेहरे उजळण्यात हयात गेली, स्वतःचा तेवढा सांभाळता आला नाही.

त्याचं नाव झालं ते भूकंपानंतर. त्र्याण्णव साली किल्लारीकडची गावं पहाटे झोपेतच बसली, तेव्हा चांदपाशा अठ्ठावीस वर्षांचा होता. महिनाभरानं त्याच्या दुकानात माणसं येऊ लागली. कुणाच्या हातात लग्नातल्या घोळक्याचा फोटो, कुणाच्या हातात कसल्याशा अर्जावरून सोलून काढलेला बोटभर तुकडा. ह्यातली ही तिसरी बाई, एवढीच मोठी करून द्या, असं सांगायची आणि बाकावर बसून राहायची. कलर फिल्म तोवर आली होती, पण गेलेल्यांचे फोटो जुने, काळेपांढरे. चांदपाशा त्या फोटोचा फोटो काढायचा, मोठा करायचा, मग काडीला कापूस गुंडाळून त्यावर हातानं रंग चढवायचा. ही विद्या त्याच्या बापाची.

पण रंग अंदाजानं भरणं त्याला हराम होतं. लुगडं कोणत्या रंगाचं होतं, असं तो विचारायचा. हिरवं, असं उत्तर आलं की याचे प्रश्न सुरू. पोपटी की मेंदी? कोवळ्या ज्वारीसारखं की बाभळीच्या पाल्यासारखं? नुकती चिता विझवून आलेला माणूस याला काय सांगणार? शेवटी त्यानं एक रीत पाडली. ढिगाऱ्यात कापड सापडलं असलं तर एवढासा तुकडा आणा, म्हणायचा. तो तुकडा दाराशी, दिवसाच्या उजेडात ठेवायचा आणि रंग त्याच्याशी जुळेपर्यंत फोटो हातावेगळा करायचा नाही. पुष्कळांनी तुकडे परत नेलेच नाहीत. मग तो प्रत्येक तुकडा कागदाच्या पुडीत घालायचा, वर नाव आणि गाव लिहायचा आणि पुडी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. सत्तेचाळीस पुड्या झाल्या. त्या डब्याला तो "माझे रंग" म्हणायचा.

त्यातली एक पुडी व्यंकटीनं दिलेली. त्याची बायको दानम्मा घराच्या भिंतीखाली गेली. तिचा अहमदपूरच्या जत्रेत काढलेला एकच फोटो उरला होता, तोही तिच्या बहिणीच्या घरी असल्यामुळं. हिरव्या इरकली लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा त्यानं आणून दिला. फोटो तयार झाला तेव्हा व्यंकटी कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही हाय. ही खरी हाय." तुकडा मात्र नको म्हणाला. घरात असला की हात सारखा त्याच्यावर जातो, तुमच्यापाशीच राहू द्या.

त्या वर्षापासून लातुरात चांदपाशाच्या रंगाला तोड नाही, असं लोक म्हणू लागले. लोक दोन वर्षं म्हणतात, माणूस तेवढ्यावर पंचवीस वर्षं काढतो.

मग लातूरला क्लासचं पीक आलं. हदगावची, मुदखेडची, कुठकुठली पोरं दप्तर घेऊन येऊन पडू लागली आणि दर जूनला चौकाचौकांत गुणवंतांचे फलक चढू लागले. फलकावरचे चेहरे चांदपाशाचे. क्लासवाले सर त्याच्या दुकानासमोर गाडी थांबवायचे. पुढं फलकाच्या आधी फोटो मोबाईलवर, फेसबुकवर जाऊ लागले आणि तिथं गाडं अडलं. चांदपाशाच्या संगणकावर तजेलदार दिसणारी पोरं लोकांच्या मोबाईलवर पिवळट, मळकी दिसायची. एका सरांनी तोंडावर विचारलं, "चाचा, पोरं पास झालीत का यांना कावीळ झालीय?"

चांदपाशानं मग रंग चढवून पाहिले. मोबाईलवर बरं दिसेपर्यंत चढवले आणि तीच फाईल छपाईला दिली, तर फलकावरची पोरं मार खाल्ल्यासारखी लालबुंद निघाली. त्या वर्षी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी फलकाखालून जाताना ओढणीनं तोंड झाकून गेली म्हणतात.

याच सुमारास धम्मदीप समोर येऊन बसला. मूळचा मुदखेडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. लेकीच्या नावानं 'लुंबिनी डिजिटल' अशी पाटी त्यानं लावली. त्याचे फोटो महागड्या मोबाईलवर जसे दिसायचे तसेच दूधवाल्याच्या तडा गेलेल्या मोबाईलवर दिसायचे. सरांच्या गाड्या रस्त्याच्या त्या बाजूला थांबू लागल्या.

चांदपाशाला हे गौडबंगाल कळेना. विचारावं तर जीभ उचलत नव्हती. कालच्या आलेल्याला रंगाचं विचारायचं, ते चांदपाशानं? मग एक दिवस त्यानं आपली लांब पल्ल्याची लेन्स कॅमेऱ्याला लावली, दुकानाच्या पडद्याआडून धम्मदीपच्या टेबलावर रोखली आणि अर्धा तास पहारा केला. टेबलावर तीन जुने मोबाईल ओळीनं मांडलेले दिसले. त्याला बरं वाटलं. संध्याकाळी त्यानं अमीरबीला सांगितलं की समोरच्याचं काही खरं नाही, तो मोबाईल दुरुस्तीची कामं करून राहिलाय. त्या रात्री ओवा लागला नाही.

दोन हजार अठराच्या सप्टेंबरात पंचफुला दुकानात आली. व्यंकटी आणि दानम्माची ही लेक. भूकंपाच्या रात्री सहा वर्षांची पोर मावशीकडं अहमदपूरला होती म्हणून वाचली. बाप जाऊनही आता चार वर्षं झाली होती. लातुरात ती क्लासच्या पोरांसाठी खानावळ चालवत होती, साठ-सत्तर ताटं रोजची. तिनं आईचा तोच हातानं रंगवलेला फोटो पिशवीतून काढला. भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती, गावच्या लोकांनी मोबाईलवर ग्रुप काढला होता आणि तीस तारखेच्या आत ज्यानं त्यानं आपल्या माणसाचा फोटो टाकायचा आणि त्या दिवशी सगळ्यांनी गावी जमायचं ठरलं होतं. आईचा नीट करून द्या, म्हणाली.

चांदपाशाची छाती फुगली. हे काम समोरच्याकडं जाऊच शकत नव्हतं. फोटो मात्र उतरला होता. पत्र्याच्या घरात दारासमोर टांगलेला, पंचवीस वर्षांचं ऊन खाल्लेला. लुगड्याचा हिरवा त्यानं निळ्यावर पिवळा चढवून केला होता. उजेडानं पिवळा खाऊन टाकला आणि दानम्मा आता निळ्या लुगड्यात बसली होती. पंचफुला गेल्यावर चांदपाशानं डबा काढला, पुडी सोडली. अंधारात राहिलेला तुकडा तसाच होता, काल विणल्यासारखा. तो संगणकाला चिकटवून दोन दिवस त्यानं डोळे फोडले आणि हिरवा अगदी डोळ्यात भरेल असा जुळवला. तुकड्याचं पंचफुलाला काही बोलला नाही. कारागीर आपला डाव गिऱ्हाईकाला दाखवत नसतो.

फोटो तिच्या मोबाईलवर गेला तसा हिरवा मेला. शेवाळलेल्या रांजणासारखं लुगडं आणि त्याच्यावर दानम्माचा राखाडी चेहरा. पंचफुलानं मोबाईल डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग हळूच म्हणाली, "आई आजारी दिसून राहिली, चाचा."

त्यानं तिला ओढून संगणकासमोर नेलं, हे बघ, हितं कसं झ्याक दिसतंय. तिनं बघितलं. पण गावचे लोक काही तुमच्या दुकानात येऊन बघणार नाहीत, एवढंच ती बोलली. जुना फोटो पिशवीत घातला आणि त्याच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडून समोरच्या पायऱ्या चढली. चांदपाशाला वाटलं, या बाईनं सरळ आपल्या थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

दोन दिवसांनी ती परत आली. तिची अडचण साधी होती. जुन्या फोटोत लुगडं निळं, चाचानं केलेल्यात हिरवं, आणि तिला स्वतःला काही आठवत नव्हतं. चांदपाशा म्हणाला, हिरवंच होतं, मला चांगलं आठवतंय. तिनं मान हलवली, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हलवतात तशी.

"बाबा म्हनायचे, आईच्या लुगड्याचा तुकडा फोटोवाल्यापाशी दिला व्हता," ती म्हणाली. "धम्मदीपदादा म्हनले, त्यो आसल तर आना, त्येला लावून रंग जुळवतो. हाय का, चाचा?"

डबा तिच्या डोक्यावरच्या फळीवर होता. हात वर केला की हाताला लागेल असा. चांदपाशाच्या मनात क्षणात सगळा हिशेब झाला. तुकडा दिला, तर धम्मदीप हिरवा बरोबर काढणार, तो सगळ्या मोबाईलवर बरोबर दिसणार आणि वाहवा त्याची होणार. नाही दिला, तर तो निळा काढणार. दानम्मा निळ्या लुगड्यात साऱ्या गावासमोर जाणार आणि समोरच्याची एकदा तरी चूक होणार. अशी संधी पुन्हा येत नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "लई वर्सं झाली त्येला. कवाच गेला त्यो."

पंचफुलानं पदरानं कपाळ पुसलं आणि ती गेली.

निळा फोटो ग्रुपवर गेला. चांदपाशानं तो चार जणांच्या मोबाईलवर पाहिला आणि चारही ठिकाणी तो सारखाच निळा होता, स्वच्छ, गोड. दानम्माचा चेहरा असा ताजा की हाक मारली तर ओ देईल. आता कुणीतरी म्हणणार, लुगडं चुकलं. चांदपाशा वाट बघत बसला. दोनशे माणसांनी हात जोडले. कुणी रडले. दानम्माच्या शेजारची रत्नम्मा, ऐंशीच्या घरातली, तिनं नातवाकरवी लिहिलं की हीच ती, हेच लुगडं नेसून पाण्याला यायची.

झालं. चूक झाली होती, पण ती चूक आहे हे ठाऊक असलेला माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकटा चांदपाशा. आणि त्याला ते सांगायची सोय नव्हती. सांगायचं तर डबा उघडावा लागणार. स्वतःच्या हातानं लावलेल्या फासात पाय अडकावा तसा तो अडकला होता. हिरवं होतं, हिरवं होतं, असं तो अमीरबीला तीनदा म्हणाला. ती म्हणाली, होतं तर जाऊन सांगा.

तीस तारखेला चार दिवस होते. दुपारी पंचफुला समोरच्या पायऱ्या उतरली आणि रस्ता ओलांडून थेट त्याच्या दारात आली. अंगावर कोरं निळं इरकली लुगडं. दुखऱ्या जागी बोट ठेवावं असं तिच्या मनात नव्हतं, उलट चाचाचं मन दुखावलं होतं, ते राखावं म्हणून मुद्दाम दाखवायला आली होती.

"आईच्या रंगाचं घेतलं," ती म्हणाली. "लई हिंडले. शेवटी उदगीरला गावलं. तीस तारखेला हेच नेसून जानार हाय."

ती गेली. चांदपाशा बाकावर बसला. त्या दिवशी ओव्याचा उपयोग झाला नाही, आणि वांग्यांचं नावही त्याला घेता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानं उघडता उघडता, लोकांनी एक नवल पाहिलं. चांदपाशा बिस्किटांचा डबा काखेत मारून रस्ता ओलांडत होता. धम्मदीप नुकता झाडू मारून बसला होता. चांदपाशानं पुडी सोडून हिरवा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला, दानम्माच्या लुगड्याचा आहे म्हणाला, आणि आता हा काय बोलतो म्हणून मान वाकडी करून उभा राहिला. धम्मदीपनं तुकड्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं आणि खुर्ची सरकवून दिली.

"बसा चाचा. माझंच चुकलं मंग. रंग तुमी बघा, मशीन मी चालवतो."

बसल्यावर चांदपाशाच्या तोंडून गेल्या सहा वर्षांचा प्रश्न एकदाचा निघाला. आपला फोटो मोबाईलवर गेला की मरतो, तो का? धम्मदीपनं त्याची फाईल मागवून उघडली आणि हसू आवरलं. चांदपाशाचं सगळं काम मोठ्या रंगपेटीत होतं. ती सेटिंग त्याला नांदेडच्या एका शिबिरात कुणीतरी सांगितली होती, हिच्यात जास्त रंग असतात म्हणून. रंगाच्या माणसाला कुणी जास्त रंग देऊ केले, तर तो कशाला नको म्हणेल? पण लोकांच्या मोबाईलला ती पेटी उघडत नाही, त्यांच्याकडं लहान पेटी असते, एसआरजीबी नावाची. फाईल तिच्यात नीट बसवून, कोणत्या पेटीतली आहे ती चिठ्ठी फाईलला जोडूनच पाठवायची. नाहीतर समोरचा मोबाईल मोठ्या पेटीतला रंग लहान पेटीतला समजून वाचतो आणि हिरव्याचं शेवाळ होतं. शिवाय संगणकाचा उजेड दिवाळीसारखा लखलखीत ठेवायचा नाही. आणि पाठवायच्या आधी दोन-तीन साध्या मोबाईलवर स्वतः बघून घ्यायचं. असं म्हणून त्यानं ते तीन जुने मोबाईल पुढं ओढले. चांदपाशा त्यांच्याकडं बघून खाकरला.

सगळं मिळून पाव तासाची गोष्ट. शिकवलं तेही न चिडवता, नीट शिकवलं, आणि चांदपाशाला त्याचाही राग आला. पण पुढचे दोन तास ते दोघं तुकड्यावर वाकून बसले होते. हा म्हणायचा थोडा पिवळा, तो द्यायचा. हा म्हणायचा काठाकडं जास्त झाला, तो काढायचा. शेवटी तिन्ही मोबाईलवर आणि टेबलावर हिरवा एकच झाला. धम्मदीप म्हणाला की असा डोळा आपल्याला या जन्मी मिळायचा नाही. ही वाहवा ऐकायला चांदपाशा सहा वर्षं तडफडत होता, आणि आता ती कानावरून नुसती गेली. त्याला खानावळीत जायचं होतं.

दुपारची पंगत उठली होती. पंचफुला मोठं पातेलं घासत होती, निळं लुगडं आतल्या खोलीत खुंटीला घडी करून टांगलेलं दिसत होतं. चांदपाशानं डबा बाकावर ठेवला, हिरवा फोटो मोबाईलवर काढून तिच्यापुढं धरला आणि दुसऱ्या हातानं पुडी दिली. तिनं हात पुसले आणि आधी पुडी घेतली. वर चांदपाशाच्या अक्षरात 'दानम्मा व्यंकटी' आणि गावाचं नाव. तिनं ती सोडली.

मोबाईलकडं तिनं पाहिलंच नाही. तो तुकडा तिनं तळहातावर घेतला. मग अंगठ्यानं त्याची कड चाचपली, एकदा, दोनदा.

"मी इचारलं तवा न्हाई म्हनलात," ती म्हणाली.

"हाव."

"का बरं?"

वाटेत त्यानं पाच-सहा उत्तरं तयार केली होती. डबा हरवला होता, आज सापडला, वगैरे. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"धम्मदीपवर जळत व्हतो," तो म्हणाला. "त्येचा फोटो चुकावा वाटलं."

पंचफुला रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती बाकावर बसली, तुकडा मुठीत धरून.

"आमच्या घरातला चमचासुदिक न्हाई निघाला, चाचा. मावशी म्हनायची, तुझ्या आईचं फोटोबिगर काईच उरलं न्हाई. मी त्येच धरून बसले. आन् हे हितं व्हतं. माज्या खानावळीपासून दोन गल्ल्यांवर."

चांदपाशाला आजवर तो तुकडा हिरवा रंग म्हणूनच ठाऊक होता. कुणाची आई म्हणून त्यानं त्याच्याकडं एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि ती धम्मदीपसमोर वाटली असती त्याहून कितीतरी जास्त होती.

पंचफुलानं तुकडा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. मग तिची नजर बाकावरच्या डब्याकडं गेली. अजून किती आहेत, तिनं विचारलं. सेहेचाळीस, तो म्हणाला.

"त्येंच्या लेकरांला ठावं हाय?"

चांदपाशानं मान हलवली. नाही.

पंचफुलानं स्वतःचा मोबाईल उचलला, गावचा ग्रुप उघडला, आणि डबा त्याच्याकडं सरकवला.

"एकेक नाव वाचा," ती म्हणाली. "मी लिवते."